नोकरीच्या पोटातला धंदा

वऱ्हाडी माणसाला धंदा जमत नाही, हे मत अमरावती-अकोल्यात बाहेरच्यांपेक्षा घरचेच जास्त सांगतात. कापसाच्या बाजारात सांगतात, लग्नाच्या बैठकीत सांगतात, कर्जाचा अर्ज घेऊन निघालेल्या पोरालाही तेच ऐकवतात. त्याला जोडून दुसरं मत येतं: इथला नोकरदार अंग चोरतो, एकदा चिकटला की पगार आणि पेन्शन यांपलीकडे त्याला काही दिसत नाही. ही दोन मतं वेगवेगळी असल्यासारखी मांडली जातात. या पुस्तकाचं म्हणणं असं की हा एकच विषय आहे. कामाच्या जागी माणसाला काय पाहायला मिळतं, काय कळू दिलं जातं आणि तो पडला तर कोण उचलतं, यावर तो काम कसं करतो हे ठरतं. उद्या स्वतःचं काही काढावं असं त्याला वाटतं की नाही, हेही त्यावरच ठरतं. स्वभावाला या हिशेबात मी फार शेवटी जागा देतो.

सुरुवात शेतापासून करावी लागते. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यात कोरडवाहू शेती करणारं घर दर वर्षी जूनमध्ये जे करतं, त्याला दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात साहस म्हटलं असतं. बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांचा पैसा आधी घालायचा, तोही पुष्कळदा उसना. पाऊस आपल्या हातात नाही, सोयाबीनचा, तुरीचा, कापसाचा भाव आपल्या हातात नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. ते पॅकेज ज्या आत्महत्यांमुळे आलं, त्यांतलं प्रत्येक घर जोखीम घेणारं होतं. अशा घरातला थोरला मुलगा जेव्हा तलाठ्याच्या, पोलिसाच्या, शिपायाच्या भरतीमागे लागतो, तेव्हा तो घाबरट नसतो. घराची सगळी जोखीम आधीच वावरात पेरलेली असते. निदान एका माणसाचा पैसा महिन्याच्या महिन्याला यावा, एवढीच घराची मागणी असते. त्याच्या पगारातून धाकट्याची फी भरली जाते, बहिणीचं लग्न होतं आणि पेरणी उलटली तर दुबार पेरणीचं बियाणं येतं. त्याची नोकरी हा त्या शेतीचा विमा आहे.

म्हणून घरात बोललं जातं तेही तसंच. ‘धंदा कायले करतं? लागून जाय कुठी तरी.’ हे बोलणारी आई पोराचं पाऊल मागे ओढत नसते, घराचा ताळेबंद मांडत असते. अमरावतीत आणि अकोल्यात गल्लोगल्ली अभ्यासिका उघडल्या, त्यामागे हा ताळेबंद आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरात ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. या आकड्यात मला तरुणांचा आळस दिसत नाही. पंचविशीतली चार-पाच वर्षं रोज दहा-बारा तास एका खुर्चीवर बसणारा मुलगा कष्टाला भीत नाही. त्या कष्टाचं चीज होईल असं दुसरं ठिकाण त्याला कुणी दाखवलेलं नाही. वर लग्नाचा बाजार आहेच. पाच एकर ओलिताची शेती आणि चालतं दुकान असलेल्या मुलाला नकार येतो, कंत्राटी का होईना पण ‘ऑफिसात’ असलेल्याला होकार येतो. स्वतःचा उद्योग काढण्याच्या इच्छेवर या एका गोष्टीचा जेवढा परिणाम होतो, तेवढा व्याजदराचाही होत नसावा.

हे आजचं झालं. पण वऱ्हाडात पैसा आणि बाजार नव्हता असं नाही, आणि इथे इतिहास थोडा सविस्तर पाहायला हवा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. अमरावती, अकोला, खामगाव ही गावं कापसाच्या पेठा म्हणून वाढली. सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले. रॅली ब्रदर्स, व्होलकार्ट यांसारख्या परदेशी पेढ्यांचे लोक इथे कापूस विकत घ्यायला बसले. त्यांच्या आणि शेतकऱ्याच्या मधली जागा मारवाडी, गुजराती, कच्छी घराण्यांनी घेतली, कारण त्यांच्याकडे दूरच्या पेढ्यांवर चालणारी हुंडी आणि नात्यातली पत होती. वऱ्हाडी कुणब्याकडे जमीन होती. शिकलेल्या वर्गाकडे वकिली आणि सरकारी नोकरी आली. म्हणजे कापसाच्या एकाच व्यवहारात पिकवणारा, विकत घेणारा आणि कागद सांभाळणारा अशी तीन माणसं झाली, आणि ती तीन वेगळ्या घरांतून आली. ही वाटणी पुढे सवयीची झाली आणि सवयीला लोक स्वभाव म्हणू लागले.

त्या काळातही हे कुणाला दिसलं नाही असं नाही. अमरावतीचे वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले, एवढंच आपल्याला शाळेत कळतं. त्याआधी १९०५ पासून भरू लागलेल्या भारतीय औद्योगिक परिषदेचं सचिवपद त्यांनी सांभाळलं, हे कमी लोकांना माहीत असतं. देशाने कारखानदारीकडे वळावं यासाठी अमरावतीचा एक वकील गावोगावच्या लोकांना एकत्र आणत होता. त्याचं गाव मात्र रुईच्या गठाणी बांधून बाहेर पाठवत राहिलं.

स्वातंत्र्यानंतर या व्यवहारात एक मोठा फेर आला आणि त्याचा परिणाम पुरेसा तपासला गेलेला नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. व्यापाऱ्याकडून होणारी लूट थांबावी हा तिचा हेतू होता, आणि तो खोटा नव्हता. पण पुढची जवळजवळ तीस वर्षं वऱ्हाडच्या मुख्य पिकाचा कायदेशीर ग्राहक एकच उरला, तो म्हणजे सरकार. ज्या दशकांत शेतकऱ्यांच्या शिकलेल्या मुलांनी कापसाच्या व्यापारात उतरायचं, नेमक्या त्याच दशकांत त्या व्यापाराचं दार बंद होतं. खरेदी केंद्रावर उमेदवारी करता येत होती ती ग्रेडरची, मापाऱ्याची, कारकुनाची. भाव कसा फिरतो, ओलावा किती धरायचा, रुईचा उतारा किती पडतो, माल कधी सोडायचा आणि कधी दाबायचा, हे शिकण्याची जागाच राहिली नाही. एका पिढीचं व्यापारी शिक्षण असं बुडालं. अकोल्याची सावतराम मिल, मोहोता मिल, बडनेऱ्याची विजय मिल यांचे भोंगे बंद झाले, तेव्हा कामगारांची रोजीरोटी गेली, हे सगळ्यांनी पाहिलं. सूत, विणाई, यंत्रदुरुस्ती यांची हाताला असलेली जाण वापरायला जागा उरली नाही, हे नुकसान कुणी मोजलं नाही.

नोकरीची ओढ म्हणजे निव्वळ भित्रेपणा, असं मानणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्याचं पोर पहिल्यांदा मास्तर, साहेब, डॉक्टर झालं. त्याआधी त्या खुर्चीकडे मान वर करून पाहण्याचीही सोय नव्हती. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या जातीने नेमून दिलेलं काम करावं लागलं, त्यांना सरकारी नोकरीने पहिल्यांदा असं काम दिलं, जिथे समोरचा माणूस टेबलापाशी येऊन ‘साहेब’ म्हणतो. गावात ज्यांच्या हातचा चहा लोक पीत नव्हते, त्यांनी हॉटेल काढावं असा सल्ला देणं सोपं होतं. गिऱ्हाईक कुठून आणायचं, हे सल्ला देणाऱ्याने सांगितलं नाही. दलित उद्योजकांची संघटना, डिक्की, पुण्यात २००५ साली उभी राहिली. आरक्षणातून आलेल्या नोकरीने दोन पिढ्यांना पाय टेकायला जमीन दिल्यावर हे शक्य झालं, असं मला ठामपणे वाटतं. नोकरी धंद्याच्या आड येते असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा.

आता कामावरच्या माणसाच्या मनाकडे वळू. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक साधी मांडणी केली: जिथे गोष्टी बिघडतात तिथल्या माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा बोलणं. कोणती वाट धरायची, हे त्या जागेबद्दलच्या त्याच्या निष्ठेवर ठरतं. वऱ्हाडात सोडून जाण्याची वाट बहुतेक पुण्याला जाते. रविवारी संध्याकाळी अमरावतीहून निघणाऱ्या ट्रॅव्हल्स भरून अशी सोडून गेलेली पोरं हिंजवडी-चाकणकडे परततात. ज्यांना जाता येत नाही ते बोलतात. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचे कर्मचारी संपावर होते. त्यांची मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती, महामंडळ सरकारात विलीन करा अशी होती. रात्रीच्या मुक्कामी गाडीत नाहीतर डेपोच्या फरशीवर झोपणाऱ्या चालक-वाहकाला सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा हवा होता. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी सात दिवसांचा संप केला. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती. त्यामुळे एकाच कार्यालयात शेजारशेजारच्या टेबलांवर तेच काम करणाऱ्या दोघांचं म्हातारपण वेगळं झालं. तिसऱ्या टेबलावर कंत्राटी मुलगा बसतो, त्याला पुढच्या अकरा महिन्यांचीही खात्री नाही. या तिघांकडून सारख्या तळमळीची अपेक्षा ठेवायची आणि ती दिसली नाही की वऱ्हाडी स्वभावाला बोल लावायचा, हे मला मान्य नाही. ज्याला जाताही येत नाही आणि बोलताही येत नाही, तो काम करतो पण मन काढून घेतो. अंग चोरणं म्हणतात ते हेच.

याचं उत्तर आपल्याच मुलखाच्या उंबऱ्यावर दीडशे वर्षांपूर्वी कुणी तरी शोधलं होतं. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. शेजारच्या वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस जवळ म्हणून ती जागा निवडली होती. कामगार गैरहजर फार राहत. त्यावर दंड वाढवण्याऐवजी मिलने १८८६ साली पेन्शन निधी सुरू केला, १८९५ साली अपघाताची भरपाई द्यायला लागली. तशी भरपाई देण्याचा कायदा देशात व्हायला १९२३ साल उजाडलं. माणूस टिकतो आणि मन लावतो तो उद्याची काळजी मिटल्यावर, हे त्या मालकाला कळलं होतं.

पण काळजी मिटणं एवढंच पुरेसं नाही, आणि या पुस्तकाचा गाभा इथे आहे. अकोला हे दालमिलांचं गाव. एमआयडीसीतल्या एखाद्या मिलमध्ये तूर येते ती पोत्यांतून, आधी चाळण्यांवर जाते, खडे-माती-काडी निघते. मग एमरीच्या रोलरवर दाण्याला ओरखडे पडतात, त्याला तेल लावून ढीग मारतात, नंतर माल उन्हात पसरतात. वाळून पुन्हा रोलरवर घेतला की साल सुटते आणि दाणा फुटतो. अखंड, तुकतुकीत निघेल ती फटका, त्याखालोखाल सवा नंबर, उरते ती चुनी आणि भुसा, जो ढोरांना जातो. रोलर चालवणारा मिस्त्री यंत्राच्या आवाजावरून सांगतो की माल ओला आहे. दाणा दाताखाली धरला की उतारा किती पडेल याचा अंदाज त्याला येतो. एवढी जाण असलेला हा माणूस स्वतःची दालमिल का काढत नाही?

उत्तर मिलच्या पुढच्या खोलीत आहे. तिथे मुनीम बसतो. तूर बाजार समितीत हर्रासात घेतली की पैसा रोख मोजावा लागतो. डाळ मुंबईला, कोलकात्याला, चेन्नईला जाते ती उधारीवर. कोणती पार्टी पंधरा दिवसांत पैसे देते, कोण महिनाभर लावतो, कुणाला माल द्यायचाच नाही, कोणत्या दलालाच्या शब्दावर गाडी भरायची, हे ज्ञान त्या खोलीत, मुनिमाच्या वहीत राहतं. मिस्त्रीला दाणा कळतो, पार्टी कळत नाही. मुनिमाला पार्टी कळते, पण पुष्कळदा तो मालकाच्याच नात्यातला किंवा समाजातला असतो. वीस वर्षं एका छताखाली काम करूनही मिस्त्रीने त्या वहीचं पान पाहिलेलं नसतं. म्हणून त्याची इच्छा जन्मतच नाही, किंवा जन्मते ती अर्धीच, यंत्रापुरती.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालेल अशी पीकेव्ही मिनी दाल मिल तयार केली. ती महाराष्ट्रभर पोचली, बचत गटांनी आणि शेतकऱ्यांनी घेतली. विद्यापीठाच्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. गावची तूर गावातच भरडून मिळते आणि भरडाईचे पैसे गावात राहतात, हे मोठंच आहे. पण पुष्कळ गट भरडाईवरच थांबतात. हंगामाचे तीन-चार महिने यंत्र चालतं, पुढे झाकून ठेवावं लागतं. स्वतः तूर घेऊन, डाळ करून, पाकिटात भरून विकायची तर खेळतं भांडवल लागतं, उधारी सोसावी लागते, आणि ती वही कशी लिहायची हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं जात नाही. मुद्रा कर्जं २०१५ पासून आहेत, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे आणि त्यात १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. यंत्राचं कोटेशन जोडलं की फाइल पुढे सरकते. माल विकल्यावर अडकलेल्या पैशाचं कोटेशन कुणी देत नाही.

डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांवर प्रसिद्ध प्रयोग केला. काही तरी करून दाखवण्याची इच्छा प्रशिक्षणाने वाढवता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडच्या उद्योजकता शिबिरांवर त्या विचाराची छाप अजून आहे. मानसशास्त्रज्ञ आयझेन यांची १९९१ ची मांडणी मला इथल्या वास्तवाच्या जास्त जवळची वाटते. माणूस एखादी गोष्ट करायचं ठरवतो ते तीन गोष्टींवर: ती त्याला बरी वाटते का, त्याची जवळची माणसं काय म्हणतील आणि ती आपल्याला जमेल असं त्याला वाटतं का. शिबिरात पहिली गोष्ट चढवतात. दुसरी घरात आणि लग्नाच्या बैठकीत ठरते. तिसरी मिलच्या त्या पुढच्या खोलीत ठरते.

दार उघडं असलं की काय होतं, याचंही उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. वरूड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट संत्र्याच्या पन्हेरीसाठी प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा, पट्टी गुंडाळायची, डोळा फुटला की वरचा शेंडा छाटायचा. हे काम हाताचं आहे, आणि ते बघत बघत शिकता येतं. कलम बांधणाऱ्या मजुराला रोप कितीला जातं हे दिसतं, कारण गिऱ्हाईक वाफ्यापाशी येऊन भाव करतं. जागा थोडी लागते, पैसा बहुतेक रोखीचा असतो. तिथे मजुराने स्वतःचे चार वाफे टाकले तर कुणाला नवल वाटत नाही. माणसं तीच वऱ्हाडी, पाणीही तेच, फक्त भाव उघड्यावर ठरतो.

नोकरदारांमधल्या दडलेल्या धंदेवाल्यांचं एक प्रकरण पुढे आहे. सरकारी माणसाला वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय व्यापार करता येत नाही, म्हणून दुकान, डेअरी, मंगल कार्यालय बायकोच्या नावावर असतं. विनाअनुदानित शाळेत अनुदानाची वाट पाहणारा शिक्षक सकाळी शिकवणी घेतो, संध्याकाळी विमा विकतो. त्याला कुणी उद्योजक म्हणत नाही, तोही स्वतःला म्हणवत नाही. बायकांचं तर विचारूच नये. कुरड्या, शेवया, मसाले, शिलाई करून घर चालवणारी बाई विचारलं तर ‘घरीच असते’ असं सांगते. जिच्या नावावर दुकान आहे आणि जी ते खरोखर चालवते, तिलाही सही करण्यापलीकडे मालकीण मानलं जात नाही. तिची इच्छा मोजायची तर आधी तिचं काम मोजावं लागेल.

हाच नोकरदार मन लावून राबताना पाहायचा तर शेगावला जावं. ते बुलढाणा जिल्ह्यात येतं, पण अकोल्याच्या माणसाला ते आपलंच. गजानन महाराज संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी बिनपगारी राबतात. पाळीने येतात, चपला सांभाळतात, ताटं उचलतात, फरशा पुसतात, समोरच्याला ‘माऊली’ म्हणतात. त्यांतले कितीतरी एरवी नोकरदार आहेत, ज्यांच्याबद्दल अंग चोरण्याची तक्रार असते असेच. ४ ऑगस्ट २०२१ रोजी वारलेल्या शिवशंकरभाऊ पाटलांनी हे संस्थान अनेक दशकं सांभाळलं, आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. श्रद्धा तर आहेच. पण तिथे कामाची रीत ठरलेली आहे, कुणाचं काम हलकं मानलं जात नाही आणि वरचा माणूसही साधेपणाने राबताना दिसतो. श्रद्धा बाजूला ठेवली तरी या तीन गोष्टी उरतात, आणि त्या कुठल्याही कारखान्याला, कचेरीला परवडणाऱ्या आहेत.

आता नवी वेळ येते आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाचे कारखाने आलेच आहेत. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिथल्या एक हजार एकरांवरच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी झाली. वऱ्हाडचा कापूस वऱ्हाडातच सूत आणि कापड होईल, ही मुधोळकरांच्या काळापासूनची आस पुरी होण्याची ही संधी आहे आणि मला तिचं मनापासून अप्रूप आहे. त्या पार्कात लागणाऱ्या मुला-मुलींना दहा वर्षांनी काय येत असेल, हा माझा प्रश्न आहे. फक्त आपलं यंत्र, की सुताचा भाव, ऑर्डर कुठून येते, परत आलेला माल का परत आला, हेही? एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्याची सोय, सुटे भाग आणि शिलाईची छोटी कामं जुन्या कामगारांना ठेक्याने देण्याची रीत, हिशेब वाचायला शिकवणारा एखादा वर्ग, या गोष्टी करारात आणि धोरणात आजच लिहिता येतील. कारखाना उभा राहून सवयी पडल्या की त्या बदलायला पुन्हा एक पिढी लागते.

या पुस्तकाचा क्रम वाचकाला थोडा उलटा वाटेल. उद्योजकांच्या यशोगाथा शेवटच्या भागात आहेत. पहिलं प्रकरण बाजार समितीतल्या हमालांचं आहे, दुसरं मिस्त्रींचं, तिसरं मुनिमांचं. अभ्यासिकेतली मुलं त्यानंतर येतात, मग एसटीचे वाहक, शिक्षक, बचत गटातल्या बाया. ज्यांनी आपले पगार, कर्जं आणि मनातल्या गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत. बोली मात्र त्यांची ठेवली आहे. हमालांच्या प्रकरणात ‘पेढी काढली तर कोणत्या मालाची काढाल?’ या प्रश्नावर लांबलचक उत्तरं आहेत. ती कापू नयेत, असा आग्रह मी प्रकाशकाकडे धरला आणि त्यांनी तो मानला.